सर्दी-तापानंतर ठरलेली शस्त्रक्रिया : कुणाला काय सांगावे, किती थांबावे

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते, रजा मंजूर झालेली असते, सोबत राहणाऱ्या माणसाची सोय लागलेली असते, आणि नेमका आठ-दहा दिवस आधी घसा खवखवू लागतो. दोन दिवस ताप येतो, नाक वाहते, अंग मोडून येते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि घरात सगळे म्हणतात, ‘आता बरे वाटतेय ना, मग तारखेला जाऊ.’ हा लेख त्या वेळेसाठी लिहिला आहे. ताप उतरणे आणि श्वासमार्ग पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असू शकते, आणि भूल देताना व भुलीतून बाहेर येताना कस लागतो तो या श्वासमार्गाचाच. ज्यांच्या स्वतःवर किंवा मुलावर पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होणार आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे ते पुढे दिले आहे. निर्णय भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनीच घ्यायचा असतो. मात्र त्यासाठी लागणारी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते.

पायरी १ : आपली शस्त्रक्रिया किती थांबू शकते ते विचारून घ्यावे

‘नियोजित शस्त्रक्रिया’ म्हणजे अनावश्यक शस्त्रक्रिया नव्हे. जिची वेळ आपल्याला निवडता येते ती नियोजित. मोतीबिंदू, गुडघ्याचे सांधेरोपण, साधा हर्निया, मुलांचे टॉन्सिल, त्रास न देणारे पित्ताशयातील खडे ही तिची नेहमीची उदाहरणे. याउलट आतडे अडकलेला हर्निया किंवा फुटण्याच्या बेतात असलेले अपेंडिक्स थांबू शकत नाही; तिथे खोकला असो वा ताप, शस्त्रक्रिया करावीच लागते आणि भूलतज्ज्ञ तो धोका जाणून त्याची तयारी करतात. या दोहोंच्या मधली जागा सर्वांत अवघड असते. कर्करोगाची गाठ, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा किंवा हाडाचा मोडलेला भाग यांसाठी काही दिवस मिळू शकतात, काही आठवडे मिळतीलच असे नाही. म्हणून पहिला प्रश्न शल्यविशारदांना विचारायचा तो असा : ‘ही शस्त्रक्रिया चार ते सहा आठवडे पुढे गेली, तर माझ्या मूळ आजाराचे काय होईल?’ याचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढचा विचार करण्यात अर्थ नाही, कारण थांबण्याचा धोका आणि न थांबण्याचा धोका हे दोन्ही एकाच वेळी तोलायचे असतात.

पायरी २ : आत काय बिघडलेले असते ते समजून घ्यावे

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत एका लयीत हलत राहतात आणि धूळ, जंतू, कफ यांना घशाकडे वर ढकलत राहतात. विषाणूचा संसर्ग झाला की या अस्तरातील पेशी मरतात आणि गळून पडतात. तंतूंची झाडलोट मंदावते, कफ साचतो, आणि अस्तराखाली झाकलेली चेतातंतूंची टोके उघडी पडतात. शिवाय श्वासनलिकेचे स्नायू आकुंचन पावू नयेत म्हणून चेतातंतूंना जो एक नैसर्गिक लगाम असतो, तो विषाणूमुळे सैल होतो. परिणामी थंड हवा, धूर किंवा घशातली जराशी गुदगुलीसुद्धा खोकल्याची उबळ आणायला पुरते. सर्दी गेल्यावरही दोन-तीन आठवडे कोरडा खोकला का रेंगाळतो, याचे उत्तर इथेच आहे. श्वासमार्गाची ही चिडखोर अवस्था पूर्ण शमायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, कधी थोडे अधिकही.

आता अशा श्वासमार्गावर पूर्ण भुलीचा भार पडला तर काय होते ते पाहा. घशातून नळी जाते, ती उघड्या पडलेल्या टोकांना घासते. भुलीत स्नायू शिथिल होतात, आडवे झोपल्यामुळे फुप्फुसात शिल्लक राहणाऱ्या हवेचा साठा कमी होतो, आणि फुप्फुसाचे खालचे भाग मिटू लागतात. निरोगी माणसातही हे घडते, पण त्याच्याकडे कफ बाहेर काढण्याची ताकद शाबूत असते. नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाकडे ती अर्धवट असते. त्यातच शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या वेदनेमुळे खोल श्वास घेववत नाही आणि काही तीव्र वेदनाशामकांमुळे खोकण्याची प्रेरणाच दबते. श्वासनलिका आवळून घरघर सुरू होणे, रक्तातील ऑक्सिजन घसरणे, फुप्फुसाचा भाग मिटणे, न्यूमोनिया होणे आणि क्वचित कृत्रिम श्वासाची गरज पडणे, असे हे धोके आहेत.

धोका फुप्फुसापुरताही राहत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतातील नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रयोगशाळेत फ्लूचे निदान पक्के झालेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहा पट आढळले. संसर्गाने अंगात उसळलेला दाह रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढवतो, आणि शस्त्रक्रिया स्वतः तेच करते. हृदयरोग, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी ‘साधा फ्लूच तर होता’ असे म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवू नये.

पायरी ३ : आजाराची टिपण लिहून काढावी

ही पायरी सगळ्यांत सोपी आहे आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी. भूलतज्ज्ञांनी ‘मागच्या महिन्यात काही आजारी होता का?’ असे विचारल्यावर बहुतेकांच्या तोंडून ‘थोडी सर्दी होती’ एवढेच येते, आणि एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी कागदावर असे लिहून न्यावे : ‘३ तारखेला घसा खवखवला. ४ ते ६ ताप, जास्तीत जास्त १०२. ७ पासून ताप नाही. खोकला आधी पिवळ्या कफाचा, आता कोरडा, रात्री जास्त. दुसऱ्या मजल्यावर चढताना एकदा थांबावे लागते, आधी लागत नव्हते. पाच दिवस अँटिबायोटिक घेतले, गोळ्यांचे पाकीट सोबत आणले आहे.’ एवढ्या पाच-सहा ओळी वाचल्या की भूलतज्ज्ञांना आजार नाक-घशापुरता होता की छातीत उतरला होता, तो ओसरतो आहे की रेंगाळतो आहे, आणि शरीराची ताकद कितपत परतली आहे, हे तिन्ही कळते.

त्याच कागदावर कोविड किंवा फ्लूची चाचणी केली असल्यास तिचा दिनांक आणि निष्कर्ष, रुग्णालयात राहावे लागले का, ऑक्सिजन लागला का, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, हेही लिहावे. स्टेरॉइडचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्या काही आठवडे घेतल्या असतील तर शस्त्रक्रियेच्या ताणाला तोंड देणारे शरीराचे स्वतःचे संप्रेरक कमी पडू शकते आणि त्याची आगाऊ व्यवस्था करावी लागते.

पायरी ४ : तारखेची वाट न पाहता आधीच कळवावे

लक्षणे सुरू झाली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रुग्णालयाला फोन करून सांगावे. पुष्कळ जण उलट करतात. तारीख जाईल, पुन्हा रांगेत शेवटी जावे लागेल, या धास्तीने खोकला लपवतात. सकाळी ताप उतरवायची गोळी घेऊन निघतात आणि दाराशी तापमान सरळ दिसते. हे कृपा करून करू नये. गोळीने आकडा खाली येतो, संसर्ग जात नाही, आणि मग लपवलेली गोष्ट उघडी पडते ती रुग्ण भुलीत असताना, म्हणजे जेव्हा हाताशी वेळ सर्वांत कमी असतो तेव्हा. आधी कळवल्यास पुष्कळदा तारीख सरळ दोन-तीन आठवड्यांनी सरकते आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या रुग्णाला मिळते. शेजारच्या खाटांवर केमोथेरपी चालू असलेले किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण असू शकतात. आपल्या खोकल्याचा संसर्ग त्यांच्यापर्यंत जाऊ नये, हाही फोन करण्यामागचा एक हेतू आहे.

पायरी ५ : किती थांबायचे याचा हिशोब समजून घ्यावा

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, पण साधारण चौकट सांगता येते. फक्त नाक-घशापुरती सौम्य सर्दी, ताप नाही, छाती स्वच्छ, अशा प्रौढ व्यक्तीची लहान शस्त्रक्रिया लक्षणे गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत करण्यास अनेक भूलतज्ज्ञ तयार होतात. ताप, पिवळा-हिरवा कफ, छातीत घरघर किंवा दम लागणे यांपैकी काही असेल तर चार ते सहा आठवडे थांबण्याचा सल्ला मिळतो. न्यूमोनिया होऊन रुग्णालयात राहावे लागले असेल, तर दिवस मोजण्यापेक्षा फुप्फुस कितपत सावरले हे तपासून ठरवावे लागते.

कोविडच्या बाबतीत हा हिशोब कसा बदलत गेला, ते जाणून घेण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतील १,६७४ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या १,४०,२३१ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्ग न झालेल्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते. संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ४.१ टक्के, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९ टक्के आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात ३.६ टक्के निघाले. सात आठवड्यांनंतर ते पुन्हा १.५ टक्क्यांवर आले. ‘सात आठवडे थांबा’ हा सल्ला त्यातूनच रूढ झाला. पण याच अभ्यासातील एक आकडा मला अधिक बोलका वाटतो : सात आठवडे उलटूनही ज्यांची लक्षणे चालूच होती, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. म्हणजे दिनदर्शिकेवर दिवस भरले तरी खोकला आणि दम शिल्लक असेल, तर वाट पाहण्याचा काळ संपलेला नसतो.

ते आकडे लसीकरणापूर्वीचे आहेत. पुढे विषाणूचे रूप बदलले, बहुतेकांमध्ये प्रतिकारशक्ती आली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपला सल्ला बदलला. नियोजित शस्त्रक्रिया कोविडनंतर किमान दोन आठवडे करू नये, आणि दोन ते सात आठवड्यांच्या दरम्यान रुग्णाचे वय, इतर आजार, संसर्गाची तीव्रता आणि शस्त्रक्रियेचा आकार पाहून व्यक्तीनुसार ठरवावे, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे कुणी ओळखीच्या माणसाने ‘मला तर सात आठवडे थांबवले होते’ असे सांगितले, तर त्याची शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली हे आधी विचारावे.

पायरी ६ : आपल्या धोक्याचे वजन एका उदाहरणाने पाहावे

शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाची गुंतागुंत होण्याची शक्यता मोजण्यासाठी भूलतज्ज्ञ ‘अरिस्कॅट’ नावाची गुणपद्धती वापरतात. तिच्यात सात गोष्टी मोजतात : वय, रक्तातील ऑक्सिजन, मागील महिन्यातील श्वसनमार्गाचा संसर्ग, रक्तक्षय, चीर शरीराच्या कोणत्या भागावर आहे, शस्त्रक्रिया किती वेळ चालेल, आणि ती तातडीची आहे का. एकूण २६ पेक्षा कमी गुण म्हणजे कमी धोका, २६ ते ४४ मध्यम, आणि ४५ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त.

समजा, साठ वर्षांच्या एका गृहस्थांच्या पोटाच्या वरच्या भागावर अडीच तासांची शस्त्रक्रिया ठरली आहे. वयाचे ३, वरच्या पोटावरील चिरेचे १५ आणि वेळेचे १६ मिळून ३४ गुण होतात, म्हणजे मध्यम धोका. याच गृहस्थांना मागच्या महिन्यात ताप येऊन अँटिबायोटिक घ्यावे लागले असेल, इतकी छाती बिघडली असेल, तर आणखी १७ गुण चढतात आणि बेरीज ५१ होते. ते थेट जास्त धोक्याच्या गटात जातात. वय कमी करता येत नाही, चीर दुसरीकडे घेता येत नाही, शस्त्रक्रियेची वेळही फारशी घटत नाही. या यादीतली जी गोष्ट नुसत्या थांबण्याने नाहीशी होते, ती संसर्गच. तारीख पुढे ढकलल्याचा राग येणाऱ्या प्रत्येकाला ही बेरीज दाखवावी असे मला वाटते.

लहान शस्त्रक्रियांचा हिशोब निराळा असतो. मोतीबिंदूला सहसा पूर्ण भूल लागत नाही, तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या आत काम चालू असताना आलेली खोकल्याची एक उबळ डोके हलवते, आणि तिथे मिलिमीटरच्याही अंशाला महत्त्व असते. हर्नियाची दुरुस्ती झाल्यावर आठवडाभर खोकत राहिल्यास ताजे टाके ताणले जातात. म्हणून ‘भूल तर जागेवरचीच आहे’ एवढ्यावरून खोकला सांगायचे टाळू नये.

मूल असेल तर : आई-वडिलांनी काय पाहावे

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य असते. प्रत्येक सर्दीनंतर सहा आठवडे थांबायचे ठरवले, तर टॉन्सिलची किंवा कानाची शस्त्रक्रिया कधी होणारच नाही, कारण तोवर दुसरी सर्दी आलेली असेल. म्हणून भूलतज्ज्ञ सरसकट तारीख रद्द करत नाहीत. नाकातून पाण्यासारखे पातळ वाहते आहे, पण मूल खेळते आहे, खाते आहे, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, तर शस्त्रक्रिया होऊ शकते. ताप, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, घरघर, किंवा मलूल होऊन पडून राहणे यांपैकी काही दिसले तर बहुधा पुढची तारीख मिळते. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले असणे, दमा असणे, घरात कुणी धूम्रपान करणे आणि शस्त्रक्रिया घशात किंवा श्वासमार्गातच असणे, या गोष्टी धोका वाढवतात, आणि त्या विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगाव्यात.

इतकी काळजी का, हे एका प्रसंगातून कळेल. मूल भुलीत जात असते किंवा भुलीतून बाहेर येत असते, त्या अर्धवट अवस्थेत घशातला कफाचा एक थेंब स्वरतंतूंवर पडतो आणि ते एकदम घट्ट मिटतात. छाती वर-खाली ओढली जाते, पण हवा आत जात नाही, आवाज येत नाही. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा टिकटिक सूर हळूहळू खाली उतरू लागतो. लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरते, त्यामुळे हा सूर फार लवकर उतरतो. भूलतज्ज्ञ जबडा पुढे उचलतात, मास्क घट्ट धरून दाबाने ऑक्सिजन देतात, गरज पडल्यास औषध देऊन स्वरतंतू सैल करतात, आणि बहुतेक वेळा पेच काही क्षणांत सुटतो. परंतु नुकत्याच झालेल्या सर्दीची माहिती आधी मिळालेली असेल, तर या प्रसंगाची शक्यताच कमी करता येते : नळीऐवजी शक्य तिथे मास्क किंवा घशाच्या वरच टेकणारे साधन वापरणे, आधी श्वासनलिका रुंदावणारा पंप देणे, मुलांना भूल देण्यात मुरलेल्या तज्ज्ञाला बोलावणे.

पायरी ७ : मधले आठवडे कामी लावावेत

तारीख पुढे गेली की ते दिवस रिकामे घालवू नयेत. धूम्रपान करणाऱ्यांनी ते लगेच थांबवावे. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे सोडल्याचा लाभ स्पष्ट दिसतो, आणि पुढे ढकललेली तारीख नेमका तेवढा अवधी देते. ताप गेल्यावर रोज थोडे चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. न थांबता दोन जिने चढता येणे हा ताकद परतल्याचा घरच्या घरी पाहता येणारा चांगला निकष आहे. तीन चेंडूंच्या श्वासयंत्राने खोल श्वास घेण्याचा सराव आधीच केलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर वेदनेत ते नव्याने शिकावे लागत नाही. दम्याचे पंप बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. आजारात बिघडलेली साखर आणि कमी असलेले हिमोग्लोबिन याच काळात सुधारून घ्यावे. लस घ्यायची असल्यास ती शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी घ्यावी, म्हणजे नंतर आलेला ताप लसीचा की संसर्गाचा, असा घोळ होत नाही.

सर्दीच्या औषधांबाबत सावध राहावे. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब व नाडीची गती वाढवतात, आणि काही मिश्रणांत रक्तस्राव वाढवू शकणारे अ‍ॅस्पिरिन असते. जे घेतले ते नावासकट सांगावे. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, त्यामुळे ‘लवकर फिटनेस मिळावा’ म्हणून मनाने ते घेऊ नये. रक्त पातळ ठेवणारी नेहमीची औषधे तारीख बदलल्यावर पुन्हा कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, हे विचारूनच करावे. तारीख सरकते तेव्हा हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

पायरी ८ : आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतर

आदल्या संध्याकाळी गोळी न घेता तापमान पाहावे आणि नवी लक्षणे दिसल्यास तेव्हाच फोन करावा. उपाशी राहण्याचा नेहमीचा नियम हलक्या घन आहारासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा असतो. खोकल्याचे औषध सकाळी घ्यायचे की नाही ते रुग्णालयाला विचारावे. भूलतज्ज्ञ भेटल्यावर तो कागद त्यांच्या हाती द्यावा आणि कमरेतून किंवा फक्त त्या भागापुरती भूल देऊन काम होईल का, हे जरूर विचारावे, कारण शक्य असेल तिथे श्वासमार्गाला हात न लावणे हाच चिडलेल्या श्वासमार्गावरचा चांगला उपाय असतो.

शस्त्रक्रियेनंतर परवानगी मिळताच उठून बसावे, पोटावर चीर असल्यास उशी दाबून धरून खोकावे आणि कफ गिळत न राहता बाहेर काढावा. वेदना सहन करत गप्प पडून राहू नये. वेदना आटोक्यात असेल तरच खोल श्वास घेता येतो. घरी आल्यावर दोन दिवसांहून जास्त ताप राहणे, श्वास घेताना छातीत टोचणे, बसल्या जागी दम लागणे, ओठ निळसर दिसणे किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता लगेच रुग्णालय गाठावे, आणि तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच आधीच्या सर्दी-तापाची तारीखही सांगावी.